कामिन : झरिया-राणीगंज कोळसाक्षेत्रातील स्त्रीश्रमाचा इतिहास

दामोदर नदीच्या खोऱ्यातील झरिया आणि राणीगंज या दोन कोळसाक्षेत्रांचा इतिहास बहुधा उत्पादनाचे आकडे, कंपन्यांचे उदयास्त आणि रेल्वेचा विस्तार यांच्या आधारे लिहिला जातो. त्या इतिहासात स्त्री आढळते ती मुख्यतः दोन ठिकाणी : खाण-निरीक्षकांच्या वार्षिक तक्त्यांत एक संख्या म्हणून, आणि कायद्याच्या कलमांत मनाई करावयाची व्यक्ती म्हणून. तिचा माग लागण्याचे तिसरेही एक स्थान आहे. ते म्हणजे खाणीवरील बोलीत रूढ झालेला 'कामिन' हा शब्द. या तिन्ही ठिकाणांचा पुरावा एकत्र ठेवून वाचला असता एक गोष्ट स्पष्ट होते. भूगर्भातील काम दीर्घकाळ स्त्री आणि पुरुष या जोडीने केले. परंतु त्या कामाचा हिशेब एकट्या पुरुषाच्या नावावर मांडला गेला. पुढे कायद्याने स्त्रीला खाणीबाहेर काढले तेव्हा तिचे काय गेले याचा पुरता हिशेब झाला नाही, याचे एक महत्त्वाचे कारण या मांडणीत सापडते.

१. प्रदेश आणि माणसे

राणीगंज परिसरात कोळसा काढण्याचा पहिला परवाना १७७४ मध्ये सम्नर आणि हीटली या कंपनी सरकारच्या नोकरांनी मिळविला. तो उद्योग फार काळ टिकला नाही. १८३६ मध्ये द्वारकानाथ ठाकूर यांच्या कार-टागोर पेढीने राणीगंजची खाण विकत घेतली व १८४३ मध्ये बेंगॉल कोल कंपनी स्थापन झाली. १८५५ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग राणीगंजपर्यंत पोहोचल्यावर कोळशाला दूरची बाजारपेठ मिळाली, आणि आगगाडी हेच कोळशाचे मोठे गिऱ्हाईक ठरले. झरियाचा विकास त्यानंतरचा. तेथे १८९० नंतरच्या दशकात रेल्वे आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत झरियाने उत्पादनात राणीगंजला मागे टाकले.

या खाणींवर प्रथम आले ते आसपासच्या गावांतील संथाळ, बाउरी, भुइयां, रजवार इत्यादी समाजांतील लोक. या समाजांत स्त्रियांनी शेतात, जंगलात व बाजारात पुरुषांच्या बरोबरीने श्रम करण्याची रीत होती. तीच रीत खाणीत उतरली. एकटा पुरुष मजुरीला आला असे सहसा घडत नसे. नवरा-बायको आणि बहुधा मुलेही बरोबर येत. स्त्रीने खाणीत काम करणे ही कारखानदारीने निर्माण केलेली नवी गोष्ट होती असे म्हणता येत नाही. कुटुंबाने एकत्र राबण्याची शेतीतली पद्धती खाणमालकांना आयती मिळाली आणि त्यांनी ती स्वीकारली, एवढेच म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

मनुष्यबळ हातचे जाऊ नये यासाठी मालकांनी जमिनीचाही उपयोग केला. बेंगॉल कोल कंपनीसारख्या मोठ्या कंपन्यांनी खाणींभोवतालचे जमीनदारी हक्क मिळविले आणि कुळांना जमीन देताना खाणीत ठराविक दिवस काम करण्याची अट घातली. कुळाच्या या बांधिलकीत बायकोचे श्रम गृहीतच असत. जमिनीची अट पुरुषाच्या नावे आणि तिची पूर्तता दोघांच्या कष्टाने, ही विभागणी येथपासूनच दिसू लागते.

२. कामाची रीत आणि 'टब'चा हिशेब

या क्षेत्रातील जुन्या खाणी तीन प्रकारच्या होत्या. कोळशाचा थर जमिनीलगत असेल तेथे उघडे खोदकाम करीत. खोदलेला खड्डा तळ्यासारखा दिसे म्हणून त्यास 'पुखरिया खाद' म्हणत. थर तिरपा खाली जात असेल तेथे उतरता बोगदा असे. त्यास इंग्रजीवरून 'इन्क्लाइन' हेच नाव पडले. थर खोल असेल तेथे विहिरीसारखा उभा कूप खणीत. त्यास 'चानक' म्हणत. पहिल्या दोन प्रकारांत चालतच आत उतरता येत असल्यामुळे संपूर्ण कुटुंबाने कामास जाणे सोपे होते.

आत गेल्यावर कामाची वाटणी ठरलेली असे. पुरुष पहारीने वा कुदळीने कोळशाची भिंत फोडी. स्त्री सुटलेला कोळसा गोळा करी, टोपलीत भरी आणि डोक्यावरून वाहून रुळांवर उभ्या असलेल्या लोखंडी डब्यात ओती. या डब्यास 'टब' म्हणत. उघड्या खाणींत तीच टोपली घेऊन उतार चढून वर यावे लागे. टब भरणे आणि कित्येकदा तो ढकलीत मुख्य मार्गापर्यंत नेणे हेही स्त्रीच्याच वाट्यास येई. फोडणे आणि वाहणे ही एकाच क्रियेची दोन अंगे होती. वाहणारे कोणी नसेल तर फोडलेला कोळसा जागीच पडून राही, आणि फोडणाऱ्याच्या पदरी काही पडत नसे.

मजुरीचे माप मात्र एकच होते, भरलेला टब. किती टब भरले त्याप्रमाणे पैसे, आणि ते टब लिहिले जात पुरुषाच्या किंवा टोळीच्या सरदाराच्या नावावर. टब लहान-मोठे असणे, पुरता भरला नाही म्हणून पैसे कापणे, रिकामे टब वेळेवर न मिळणे या तक्रारी सर्वत्र होत्या. या तक्रारींत स्त्रीचा संबंध सर्वांत निकटचा होता, कारण टब भरण्याचे काम तिचे होते. परंतु हिशेबाच्या वहीत तिचे वेगळे नाव नव्हते. खाण-निरीक्षकांनी डोकी मोजली तेव्हा ती वेगळी मोजली गेली. मालकाने मजुरी मोजली तेव्हा ती नवऱ्याच्या टबात विरून गेली. १९२० च्या दशकाच्या आरंभी कोळसा-खाणींतील एकूण मनुष्यबळात स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते, हे ध्यानात घेता हे विरून जाणे लहानसहान नव्हे.

३. शब्दांची साक्ष

झरिया-राणीगंजच्या खाणींवर खोरठा, बंगाली, संथाळी, हिंदीच्या निरनिराळ्या बोली आणि इंग्रजी यांचा मेळ पडून कामकाजाची एक मिश्र शब्दसंपत्ती तयार झाली. कोळसा फोडणारा तो 'मलकट्टा'. यातील पूर्वपद 'माल' आणि उत्तरपद 'काटणे' या अर्थाच्या धातूपासून आलेले आहे. मजुरांच्या ओळीने बांधलेल्या खोल्या म्हणजे 'धौडा'. आणि स्त्री-मजूर ती 'कामिन'.

'कामिन' हा शब्द सामान्यतः 'काम' या शब्दाशी जोडला जातो. त्यास लागलेला 'इन' हा स्त्रीवाचक प्रत्यय मराठीतील 'ईण' या प्रत्ययाचा सगोत्र होय. मराठीत माळीण, तेलीण, कोळीण ही रूपे दुहेरी अर्थाची आहेत. माळीण म्हणजे माळ्याची बायको, आणि माळीण म्हणजे माळीकाम करणारी स्त्रीही. प्रत्यय नाते सांगतो की व्यवसाय, हे संदर्भावरूनच ठरते. 'कामिन' या रूपात पायाशी पुरुषाच्या धंद्याचे नाव नाही. मलकट्ट्याची बायको म्हणून ती कामिन नव्हे. काम करते म्हणून कामिन. विधवा असो, अविवाहित असो वा नवऱ्याबरोबर आलेली असो, तिचे नाव एकच. मालकाच्या वहीने तिला पत्नी म्हणून नवऱ्याच्या खात्यात घातले. बोलीने मात्र तिला स्वतंत्र श्रमिक म्हणून ओळखले. मराठीत 'कामीण' असे रूप रूढ झाले नाही. त्याच्या जवळची रूपे कामकरीण आणि मोलकरीण ही होत, आणि त्यांतील दुसऱ्याचा अर्थ पुढे घरकामापुरता आकुंचित झाला.

तथापि या शब्दाने पूर्ण न्याय केला असेही नाही. 'मलकट्टा' हा शब्द कौशल्याचे नाव सांगतो. कोणते काम, ते त्यात आहे. 'कामिन' या शब्दात काम आहे, पण कोणते काम ते नाही. भरणारी, वाहणारी, ढकलणारी, दगड निवडणारी, विटा उचलणारी या सर्वजणी सारख्याच कामिन. कौशल्याप्रमाणे मजुरीचे दर ठरू लागले की, ज्याच्या कामाला वेगळे नाव नाही त्याला अकुशलाच्या रांगेत बसावे लागते. छोटानागपूर, छत्तीसगढ आणि नागपूरकडील बांधकामांवर स्त्री-मजुरास 'रेजा' म्हणतात. तो शब्द फारसी असून त्याचा मूळ अर्थ तुकडा, बारीक अंश असा आहे. पूर्ण मजुरी न मिळणाऱ्या मजुराला तो लागू झाला, ही घटना अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

४. स्त्रीचा प्रभाव

नावावर मजुरी नसली तरी खाणीच्या चलनवलनावर स्त्रीचा प्रभाव मोठा होता. मालकांच्या कैफियतींवरूनच तो दिसतो. स्त्रियांना खाणीत उतरण्यास बंदी केल्यास पुरुषही येणार नाहीत, हा त्यांचा मुख्य आक्षेप असे. यात स्वार्थ उघड होता, पण म्हणणे निराधार नव्हते. घर, मुले आणि कमाई हे तिन्ही एकत्र असतील तरच कुटुंब धौड्यात टिकत असे. बायको गावी राहिली की नवऱ्याचे पाय गावाकडे वळत. त्याचप्रमाणे पेरणी, लावणी व कापणी या हंगामांत खाणी ओस पडत, कारण भाताच्या शेतीत स्त्रियांचे हात लागत आणि त्या निघाल्या की घर निघे. खाणीचे वार्षिक वेळापत्रक बऱ्याच अंशी गावाच्या शेतीने ठरविले, आणि त्या निर्णयात स्त्रीचा वाटा होता.

पुढे गोरखपूर भागातून शिबिरांत ठेवलेले एकटे पुरुष आणले गेले, तेव्हा मालकांच्या दृष्टीने या मजुरांचा मोठा गुण हाच होता की, त्यांच्यामागे कुटुंब नव्हते. कुटुंबाने येणाऱ्या मजुराला जी थोडीबहुत मोकळीक होती ती शिबिरातील मजुराला नव्हती. स्त्रीची उपस्थिती ही अशा रीतीने मजुरांच्या बाजूची एक अघोषित शक्ती होती असे म्हणावे लागते.

५. मनाईचा कायदा

स्त्रियांच्या भूगर्भातील कामावर बंदी घालण्याची कल्पना ब्रिटनमधून आली. तेथे १८४२ च्या कायद्याने स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरण्यास मनाई झाली होती. हिंदुस्थानात १९०१ च्या खाण-कायद्याने देखरेखीची यंत्रणा निर्माण केली. १९२३ च्या कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत बंदी केली व स्त्रियांबाबत नियम करण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. ना. म. जोशी यांच्यासारखे कामगार-नेते या बंदीच्या बाजूचे होते. अखिल भारतीय महिला परिषदेनेही ती उचलून धरली.

मार्च १९२९ मध्ये नियम झाले. १ जुलै १९२९ पासून स्त्रियांना भूगर्भात काम करण्यास बंदी झाली. मात्र बंगाल, बिहार-ओरिसा व मध्यप्रांत येथील कोळसा-खाणी आणि पंजाबातील मिठाच्या खाणी यांस मुदत दिली गेली. कोळसा-खाणींत भूगर्भातील एकूण मजुरांपैकी स्त्रियांचे प्रमाण आरंभी २९ टक्क्यांपर्यंत चालणार होते. ते दरवर्षी ३ टक्क्यांनी उतरवीत १ जुलै १९३९ रोजी शून्यावर आणावयाचे होते. मिठाच्या खाणींत हाच क्रम ४० टक्क्यांपासून दरवर्षी ४ टक्क्यांनी उतरणारा होता. १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने स्त्रियांच्या भूगर्भातील कामाविषयीचा ४५ क्रमांकाचा करार संमत केला आणि हिंदुस्थानात बंदीची अंतिम तारीख अलीकडे ओढून १ ऑक्टोबर १९३७ ही ठरविण्यात आली.

भूगर्भातील काम धोक्याचे होते याविषयी वाद नाही. छत कोसळणे, वायूचा स्फोट, पाणी शिरणे हे प्रसंग वारंवार घडत. गर्भवती स्त्रिया जड टोपल्या वाहत, तान्ही मुले खाणीत नेली जात किंवा अफू देऊन निजविली जात. सुधारकांची कळकळ खरी होती. उणीव होती ती दुसऱ्याच ठिकाणी. टक्केवारीचा उतार वर्षनिहाय बांधून देणाऱ्या नियमांत, बाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या कमाईची भरपाई कशी व्हावी याची तरतूद नव्हती. टबाचा हिशेब पुरुषाच्या नावे असल्यामुळे तिची कमाई म्हणून कोणता आकडा कमी झाला हे वहीत दिसतच नव्हते.

त्यातच मनाईचे दशक आणि मंदीचे दशक एकच ठरले. १९३० नंतर कोळशाचे भाव उतरले व मजुरीही उतरली. भिंत फोडणाऱ्या पुरुषाला आता टबही स्वतःच भरावा लागे, किंवा दुसऱ्या पुरुषाला वाटेकरी करून घ्यावे लागे. दोहोंपैकी काहीही केले तरी घरात येणारा पैसा घटणार हे उघड होते. स्त्रियांपैकी काही गावी परतल्या; काही खाणीच्या तोंडाशी दगड निवडणे, वाघिणी भरणे, विटा व माती वाहणे या पृष्ठभागावरील कामांत शिरल्या. तेथे रोजंदारी होती आणि दर पुरुषापेक्षा कमी होता. भूगर्भातील टब निदान फोडणारा कोण आणि भरणारा कोण हा भेद करीत नव्हता. पृष्ठभागावरील रोजंदारीने तो भेद दरात लिहून ठेवला.

६. युद्धकाळ : १९४३ ते १९४६

दुसऱ्या महायुद्धात लष्करी बांधकामांवर अधिक मजुरी मिळू लागल्याने खाणींतील मजूर तिकडे वळले आणि कोळशाचे उत्पादन घसरले. ऑगस्ट १९४३ मध्ये मध्यप्रांतातील खाणींपुरती बंदी उठविण्यात आली आणि वर्षअखेरीपर्यंत ती सवलत बंगाल व बिहारलाही लागू झाली. मध्यप्रांतात त्या वेळी चांदा जिल्ह्यातील खाणीही मोडत असल्यामुळे या निर्णयाचा मराठी मुलखाशी थेट संबंध येतो.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद परिसरातील खाणींना भेट देऊन, आत उतरून पाहणी केली. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात या विषयावर चर्चा झाली. रेणुका राय यांनी बंदी उठविण्यास विरोध केला. आंबेडकरांनी हा उपाय आणीबाणीपुरता असल्याचे सांगितले आणि त्यास जोडलेल्या अटी मांडल्या : साडेपाच फुटांहून कमी उंचीच्या बोगद्यांत स्त्रियांना काम देऊ नये, आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी द्यावी. समान कामास समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच मान्य होत आहे, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले.

या प्रसंगाचे मूल्यमापन एकेरी करता येत नाही. विरोधकांचा मुद्दा सबळ होता : युद्धाची गरज भागविण्यासाठी सर्वांत दुर्बळ वर्गाला पुन्हा धोक्यात लोटले जात होते, तेही बंगालमध्ये दुष्काळ असताना, म्हणजे नकार देण्याची ताकद अत्यल्प असताना. दुसऱ्या बाजूस, स्त्रीच्या मजुरीचा दर हा शासनाच्या अटीचा विषय याच वेळी झाला. 'पुरुषांइतकी मजुरी' असे म्हणण्यासाठी प्रथम तिची मजुरी वेगळी असल्याचे मान्य करावे लागते. १९४१ च्या खाण-प्रसूतिलाभ कायद्यात १९४५ मध्ये दुरुस्ती होऊन भूगर्भात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी अधिक मुदतीची तरतूद झाली, आणि १९४६ मध्ये खाणींवरील पाळणाघरांचे नियम आले. दत्तात्रय रेगे यांच्या अध्यक्षतेखालील मजूर चौकशी समितीच्या वतीने एस. आर. देशपांडे यांनी कोळसा-खाणींतील परिस्थितीवर लिहिलेला अहवालही १९४६ चाच. त्याच वर्षी १ फेब्रुवारीस बंदी पुन्हा लागू झाली. उपयुक्त तरतुदी सिद्ध झाल्या तेव्हा ज्यांच्यासाठी त्या होत्या त्या स्त्रिया भूगर्भाबाहेर निघाल्या होत्या.

७. स्वातंत्र्यानंतर

१९५२ च्या खाण-कायद्यातील ४६ व्या कलमाने भूगर्भातील बंदी कायम केली आणि पृष्ठभागावरही सकाळी ६ ते सायंकाळी ७ एवढ्याच वेळात स्त्रियांना काम देता येईल असे ठरविले. १९७२ मध्ये कोकयोग्य कोळशाच्या आणि १९७३ मध्ये उरलेल्या कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. यानंतर मजुरी वाढली, नोकरी कायम झाली व निवृत्तिलाभ आले. नोकरीची किंमत वाढली तसा तिच्यावरील पुरुषांचा दावाही वाढला. टोपलीने वाघिणी भरण्याचे काम यंत्रांनी घेतले आणि ज्या कामांत कामिन उरली होती तीच कामे प्रथम नाहीशी झाली. पुढे स्त्री-कामगारांसाठी विशेष स्वेच्छानिवृत्ती योजना निघाल्या. त्यांत स्त्रीने नोकरी सोडल्यास तिच्या जागी मुलाला घेण्याची सोय होती. वहीत प्रथम नवऱ्याच्या नावाखाली झाकलेले तिचे काम अखेरीस मुलाच्या नावावर चढविले गेले. कोळसा-उद्योगातील सार्वजनिक कंपन्यांत आज स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी आहे.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना भूगर्भात जाण्यास मुभा दिली, आणि २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या कामगार सुरक्षाविषयक संहितेत सर्व प्रकारच्या कामांत स्त्रियांना प्रवेशाचा हक्क मान्य झाला. २०१९ ची मुभा मिळाली ती अभियंता स्त्रीला. टोपली वाहणाऱ्या कामिनीला गेलेली जागा परत मिळाली असे नव्हे. झरियात १९१६ पासून भूगर्भात आग धुमसत आहे. त्या जमिनीवर व सोडून दिलेल्या खाणींच्या काठाने कोळसा वेचणाऱ्यांत स्त्रिया आजही दिसतात. त्यांची नावे कोणत्याच हजेरीपटावर नाहीत.

८. उपसंहार

या इतिहासापासून अभ्यासपद्धतीविषयी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, मजुरीच्या नोंदी वाचताना मापाचे एकक कोणते होते हे आधी पाहावे. टब, नग, ठेका, जमिनीचा तुकडा अशी एकके जेथे आहेत तेथे एका नावाखाली अनेकांचे श्रम दडलेले असण्याचा संभव असतो. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी 'कोयता' या एकाच नावाने मोजली जाते, हे महाराष्ट्रातील वाचकाला ठाऊक आहेच.

दुसरी गोष्ट शब्दसंग्रहाची. श्रमिकांच्या बोलीतील शब्दांची टाचणे करताना केवळ व्युत्पत्ती नोंदवून थांबू नये. तो शब्द ज्याला लावला जातो त्याच्या मजुरीचा दर, कामाचे स्वरूप आणि वहीतील स्थान यांचीही नोंद करावी. 'मलकट्टा' आणि 'कामिन' हे दोन शब्द कोशात शेजारी ठेवले तर दोन अर्थ मिळतात. हिशेबाच्या वहीशेजारी ठेवले तर एका शतकाचा व्यवहार उलगडतो. राणीगंजच्या एखाद्या जुन्या वहीत पुरुषाच्या नावापुढे टबांची संख्या लिहिलेली आढळली, तर ती दोघांची असू शकेल हे धरूनच तिचा अर्थ लावावा लागेल.